पाऊस तितकाच, मग चारा गेला कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शिंदखेडा तालुक्यात एक म्हातारे मेंढपाळ आहेत, ठेलारी समाजाचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. मागच्या आखाजीला त्यांच्या वाड्यावर चहा घेत बसलो होतो. समोरचा माळ उघडाबोडका, मुरूम वर आलेला, उन्हानं डोळे दिपत होते. आबांनी काठीच्या टोकानं जमीन खरवडली, जराशी धूळ उडाली, आणि ते म्हणाले, "भाऊ, पानी तितलंच पडस, पन चारा कोठे गया?"

गेली वीसेक वर्षं मी चाऱ्याच्या कामात आहे. बैठका पुष्कळ बघितल्या, पण हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत कुणी विचारलेला आठवत नाही. आपण सहज बोलून जातो, "पाऊस नाही म्हणून चारा नाही." दुष्काळी वर्षी ते खरंच असतं. 72 सालच्या आठवणी सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत. पण आबा दुष्काळाचं विचारत नव्हते. बऱ्या पावसाच्या वर्षीसुद्धा पूर्वीइतकं गवत का येत नाही, हे त्यांना विचारायचं होतं. आज मला तेवढ्यावरच बोलायचं आहे.

आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर आणि साक्री-नवापूरच्या डोंगरांवर बरंचसं पाणी टाकून मोकळे होतात. पुढे पूर्वेला धुळे, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला साधारण 500 ते 650 मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा. आता एक हिशेब करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे आपल्या अवर्षणग्रस्त म्हणवणाऱ्या माळावरसुद्धा हेक्टरी पन्नास लाख लिटरच्या वर पाणी दरवर्षी पडतं. त्यातलं मुरतं किती आणि वाहून जातं किती, यावर गवत ठरतं.

गवताचं आच्छादन असलं की थेंब आधी पात्यावर पडतो, तिथून हळू खाली उतरतो आणि मुळांनी भुसभुशीत केलेल्या जमिनीत जिरतो. जमीन उघडी असली तर तोच थेंब मातीवर आदळतो. मातीचे बारीक कण उडतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि उन्हानं वर पापडी धरते. त्यावर वर्षानुवर्षं खुरांचा मार. पुढचा पाऊस त्या पापडीवरून घसरत नाल्याला, नाल्यातून बुराईला, पांझरेला आणि शेवटी तापीला मिळतो. पाणी गढूळ दिसतं ते आपल्याच माळाच्या मातीनं. आणि ही माती परत लवकर तयार होणारी नाही. खालचा काळा खडक झिजून बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. पाऊस तितकाच पडतो, पण जमिनीच्या पोटात जातो तो कमी.

उरलेलं अर्धं उत्तर गवताच्या जातींत आहे.

आपल्या देशातल्या गवताळ रानांचे तज्ज्ञांनी पाच मोठे प्रकार पाडले आहेत. दख्खनचा आणि आपला प्रकार ज्या दोन गवतांच्या नावानं ओळखतात ती म्हणजे शेडा आणि मारवेल. दोन्ही बहुवर्षायू. उन्हाळ्यात वरून वाळतात, पण ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. यांच्या जोडीला पवन्या, डोंगरी गवत. धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात भाद्रपदात गेलात तर गुडघ्याच्या वर उभं गवत वाऱ्यावर कसं लवतं ते बघायला मिळतं. डोंगरउतारावर रोशा गवतही असायचं. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, पण त्याच्या तेलासाठी खान्देशाचं नाव दूरवर पोचलं होतं. गुलाबाच्या अत्तरात ते मिसळत असत. हे सहज आठवलं म्हणून सांगितलं, कारण या रानाला आपण 'पडीक' म्हणायला फार लवकर शिकलो.

माळ बिघडतो तेव्हा तो एका दिवसात उजाड होत नाही, पायरी पायरीनं खाली उतरतो. आधी शेडा जातो, कारण तो गुरांना सगळ्यात गोड लागतो. मारवेल खोलगट जागी थोडा टिकतो. मग कुसळी पसरते. तिच्या मागून केसांसारखं बारीक, निकस गवत येतं. शेवटी तरोटा, रानतुळस, गाजरगवत, बांधाकडून घाणेरी आणि नाल्याकडून वेडी बाभूळ.

कुसळी तुम्ही सगळ्यांनी पायजम्यातून उपटून काढली असेल. एकदा तिचं बी हातात घेऊन नीट बघा. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले केस आणि मागं लांब शेपूट. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाका, ती हळूहळू पीळ सोडत गोल फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ घेते. दवानं ओली, उन्हानं कोरडी, असं फिरत फिरत ते बी मातीत स्वतःला रोवून घेतं. म्हणून पापडी धरलेल्या जमिनीतही कुसळी उगवते, जिथे दुसऱ्या बियांना शिरकाव मिळत नाही. हेच बी मेंढीच्या लोकरीत घुसतं, कातडीत रुततं, हिरड्यांना जखमा करतं. कुसळीला मी वाईट म्हणणार नाही. फुलोऱ्यापूर्वी कापली तर चारा बरा होतो आणि ती माती धरून ठेवते. पण माळावर कुसळीच कुसळी दिसायला लागली की समजावं, दोन पायऱ्या आपण खाली आलो आहोत.

म्हणून हिरवं दिसण्यावर जाऊ नका. आजकाल उपग्रहाच्या चित्रांवरून कुठली जमीन किती हिरवी आहे हे कळतं, आणि ते फार उपयोगाचं काम आहे. इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्रानं 2018-19 सालची जी पाहणी केली, तीत देशातली सुमारे 9 कोटी 78 लाख हेक्टर जमीन ऱ्हास पावलेली आढळली. देशाच्या क्षेत्रफळाचा जवळपास तीस टक्के भाग. पाण्यानं होणारी धूप हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण, त्याखालोखाल वनस्पतींचा ऱ्हास. पण वरून बघताना तरोट्यानं भरलेला माळही श्रावणात हिरवागार दिसतो, आणि वेडी बाभूळ तर उन्हाळ्यातही. गाईला विचारा, ती खरं सांगेल.

आता नुकसान नेमकं कधी होतं ते सांगतो. मृगाचा पाऊस पडला, चार-आठ दिवसांत माळावर पोपटी लव फुटली, की आपण ढोरं सोडतो. उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरं, त्यांची बरगडी दिसत असते. आपल्यालाही राहवत नाही. पण ती पहिली पालवी ठोंबानं मागच्या वर्षी साठवलेल्या शिदोरीवर फुटलेली असते. नव्या पात्यांनी उन्हात अन्न तयार करून ती शिदोरी भरून काढायची असते. त्याआधीच पाती खाल्ली गेली तर ठोंब उरलंसुरलं खर्च करून पुन्हा फुटतो. पुन्हा खाल्ला जातो. अर्ध्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ थांबते. मुळं आखूड झाली की पंधरा दिवसांची उघडीप सोसत नाही. फुलोरा नाही, मग बी नाही. दोन-तीन पावसाळे असे गेले की ठोंब मरतो आणि ती जागा तरोट्याला मोकळी होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. मृगापासून पुष्य नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, गायरानाच्या निदान तिसऱ्या हिश्श्यावर एकही खूर पडू देऊ नका. पुढच्या वर्षी दुसरा हिस्सा राखा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. राखलेल्या हिश्श्यात बी पडून गेलं की दसऱ्यानंतर कापा किंवा चारा, काही बिघडत नाही.

कायमची चराईबंदी मला पटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं गावाच्या नियमांवर जंगल राखलं. त्यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. पण ते जास्त पावसाचं, झाडांचं रान आहे. आपल्या कोरड्या माळाला खूर, शेण, लेंडी यांची सवय आहे. वर्षानुवर्षं न चरलेलं गवत स्वतःच्याच वाळक्या पात्यांखाली गुदमरतं. आणि बंदीचा पहिला फटका कुणाला बसतो? ठेलारी भावांना. ज्यांची मेंढरं शेतात बसवण्यासाठी आपण त्यांना आग्रहानं बोलावतो, त्यांनाच गायरानावरून हाकलायचं, हा न्याय नव्हे. राखणीचा नियम ठरवताना ग्रामसभेत त्यांना बसवा. गवताची नावं त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ राने आणि पशुपालक यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, ते याच माणसांसाठी.

एक दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गायरानावर एका योजनेतून यंत्रानं चर खोदले आणि झाडं लावली. हेतू चांगलाच होता. पण जिथे मारवेलचे ठोंब शाबूत होते, नेमकी तीच सपाट जागा खणली गेली. मी विनवत होतो की उघड्या, घळी पडलेल्या भागात खोदा, इथे नको. कागदावर ती जमीन 'पडीक' होती. झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. उपसलेल्या मुरुमावर आजही गाजरगवत उभं आहे. चर, बांध जरूर घाला, पण आधी खाली वाकून तिथं काय उगवलं आहे ते बघा.

घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. मृगाच्या आधी गायरानावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा आखा आणि काटेरी फांद्यांनी पक्की बंद करा. अशा तीन-चार जागा निवडा, चढावर, उतारावर, खोलगटात. दसऱ्याला आतलं गवत कापा, सावलीत खडखडीत वाळवा आणि वाण्याच्या काट्यावर तोला. एका चौरस मीटरला 100 ग्रॅम भरलं तर हेक्टरी एक टन. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला सात-आठ किलो वाळला चारा लागतो, वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास. आता गावची गुरं मोजा आणि गायरान मोजा. हा आकडा ग्रामसभेच्या फळ्यावर लिहा. भांडण झालं तरी चालेल, निदान ते खऱ्या आकड्यावर होईल. राखलेलं चांगलं कुरण हेक्टरी तीन टनांपर्यंत जाऊ शकतं, आणि खंगलेल्या माळावर टनभरही मिळणं अवघड असतं.

आबांच्या वाड्याजवळ आम्ही अशीच एक जागा बंद केली होती. बोरीच्या फांद्या त्यांनी स्वतः ओढून आणल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. कुंपणाबाहेर बोटभर खुरटं गवत, कुठलं आहे ते ओळखूही येत नव्हतं, कारण त्याला कधी फुलायलाच मिळालं नव्हतं. आत मांडीपर्यंत आलेलं, त्याला तुरे लागलेले. आबांनी फांदी बाजूला केली, एक तुरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चोळला. मग नातवाला हाक मारली आणि त्याच्या तळहातावर तो तुरा ठेवून म्हणाले, "हाई देख, हाऊ शेडा शे."

नमस्कार.