मशीन चालू आहे की नुसतं हिरवं दिसतंय? आयओटीचं मार्केट, भोसरीच्या गाळ्यातून

[हातात क्लॅम्प, कॅमेऱ्याजवळ]

हे बघा, दिसतंय का नीट? काळा चिमटा आहे, असा उघडतो आणि वायरीवर खटकन बसतो. याला स्प्लिट कोअर सीटी म्हणतात, सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. वायर कापायची नाही, मशीनच्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, नुसता बसवला की त्या वायरीतून किती करंट जातोय ते कळतं. फक्त एकाच फेजच्या वायरीवर बसवायचा हं, अख्खी केबल एकदम पकडली तर तिन्ही फेज एकमेकांना कापतात आणि रीडिंग येतं जवळजवळ शून्य, मग आपण म्हणतो माल डुप्लिकेट निघाला. मी स्वतः यात दोन तास घालवलेत, हसू नका.

तर आयओटी, म्हणजे मशीनसारख्या वस्तू इंटरनेटला जोडणं, किंवा स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग म्हटलं की सगळ्यांना रोबोट दिसतात, अंधारात आपोआप चालणारी फॅक्टरी वगैरे. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात त्याची सुरुवात बहुतेक वेळा या चिमट्यापासून होते.

माझ्या एका मित्राचा भोसरी एमआयडीसीत गाळा आहे. तीन सीएनसी टर्निंग म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी लेथ, दोन व्हीएमसी म्हणजे तशीच मिलिंग मशीन, आणि वडिलांच्या वेळचं एक लेथ, जे तो विकत नाही आणि वापरतही नाही. सगळं जॉबवर्क, गाड्यांच्या पार्टचं. त्याने मशीन मॉनिटरिंगची, म्हणजे मशीन कधी चालू, कधी बंद ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या सिस्टिमची, कोटेशन मागवली आणि मला फोन केला, म्हणाला अरे हे लोक चिमट्याचं रीडिंग इंटरनेटवर पाठवणारा डबा जवळजवळ फुकट देतायत, पण दर मशीनमागे दर महिन्याला पैसे मागतायत, ही काय भानगड आहे?

ही भानगड म्हणजेच आजचं मार्केट.

थोडं मागे जाऊ. २०१० मध्ये एरिक्सनने सांगितलं होतं की २०२० पर्यंत ५० अब्ज वस्तू इंटरनेटला जोडलेल्या असतील, पुढच्या वर्षी सिस्कोनेही तोच आकडा धरला आणि मग तो प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर जाऊन बसला. २०२० आलं आणि गेलं. २०२३ च्या शेवटी मोजणारे लोक १६-१७ अब्जांच्या घरात होते. म्हणजे वाढ झाली, भरपूर झाली, पण स्लाइडवाली नाही. दुसरीकडे चिप मात्र स्वस्त होत गेली, २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफची वायफायवाली ईएसपी८२६६ आली आणि डबा बनवणं कॉलेजच्या पोरांच्या हातात आलं. आता जी वस्तू कोणीही बनवू शकतो तिच्यात मार्जिन कुठून राहणार? मग पैसा सरकला सर्व्हिसकडे. डबा एकदाच, भाडं कायम.

आणि भाड्याची आयडिया काही नवी नाही बरं का. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली नावाच्या ब्रिटिश कंपनीने व्हायपर इंजिनासाठी विमान जितके तास उडेल तितक्या तासांचे पैसे अशी स्कीम काढली, देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली आणि ही पद्धत त्यांच्याच नावाने गाजली. जर्मनीची केझर कंपनी कॉम्प्रेसर न विकता हवा विकायलाही तयार असते, घनमीटरवर. आपल्या गावाकडे ट्रॅक्टर तासावर मिळतो ना, तसंच. फरक इतकाच की ट्रॅक्टरवाला बांधावर उभा राहून घड्याळ बघतो आणि इथे घड्याळाचं काम सेन्सर करतो. मशीनने स्वतःहून कळवलं नाही तर बिल कशाचं करणार?

आता यातली मेख. भाडं घेणाराच दुकान बंद करून गेला तर? जीई म्हणजे जनरल इलेक्ट्रिकने २०१५ मध्ये जीई डिजिटल काढली, मशीनच्या डेटासाठी प्रेडिक्स नावाचा प्लॅटफॉर्म, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पहिल्या दहात यायचं होतं त्यांना, ते काही झालं नाही. गुगलने आपली आयओटी कोअर सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली, आयबीएमने वॉटसन आयओटी प्लॅटफॉर्म त्याच वर्षी १ डिसेंबरला. एवढी मोठी माणसं दुकान आवरतात, तर पाच पोरांच्या स्टार्टअपचं काय घेऊन बसलात!

म्हणून मित्राला म्हटलं, किती रुपये ते नंतर विचार, आधी विचार की डबा बोलतो कुठल्या भाषेत, म्हणजे डेटा कुठल्या पद्धतीने पाठवतो. मॉडबस १९७९ पासून आहे, एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवायला बनवलं गेलं, दोन्ही खुली आहेत, कोणाच्या बापाची नाहीत. डबा या भाषा बोलत असेल आणि त्याच्या सेटिंगला आपल्याला हात लावू देत असेल तर उद्या सर्व्हर बदलता येतो. नाहीतर तो भिंतीवरचा दिवा आहे.

बरं, डबा बसला. पहिल्या आठवड्यात स्क्रीनवर सगळं हिरवं, एक टर्निंग सेंटर तर ९२ टक्के चालू. मित्र खूश. मी म्हटलं मग माल का नाही पडला तेवढा? जाऊन बघतो तर स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, फिरतोय, कूलंट पंप चालू, हायड्रॉलिक चालू आणि जॉबला टूल लागतच नाहीये, ऑपरेटर इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचं बदलायचं पातं, शोधायला गेलाय. करंट आहे म्हणून डबा म्हणतो चालू. मग आम्ही स्टूल टाकून बसलो, नुसत्या फिरण्याचा करंट किती आणि कटिंग सुरू झाल्यावर किती वर जातो ते वहीत लिहिलं आणि मधली रेघ ठरवली. ९२ चे ६१ झाले. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुस्तकात ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, ८५ टक्के म्हणजे वर्ल्ड क्लास असं असतं, नाकाजिमा या जपानी गृहस्थांनी मांडलेलं, आणि त्यात वेळेशिवाय स्पीड आणि क्वालिटीही गुणलेली असते. आमचे ६१ तर नुसत्या वेळेचे. तेव्हा कोणी पहिल्याच महिन्यात ८५ दाखवत असेल तर त्याची रेघ कुठे मारलीय ते विचारा.

अजून एक गंमत. मशीन थांबलं की कारण दाबायला टॅब दिला होता, मटेरियल नाही, सेटिंग, इन्स्पेक्शन असे पर्याय. महिनाभर एकच कारण, टूल चेंज, टूल चेंज, टूल चेंज. का? तर ते बटण पहिलं होतं! पोरांना वाटत होतं की आपण चहाला गेलो तरी शेठला कळतंय, आणि खरं सांगायचं तर कळतच होतं. मग मित्राने स्क्रीन केबिनमधून काढून शॉपफ्लोरवर लावली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि सांगितलं की यावरून कोणाचा पगार कापणार नाही. त्यानंतर खरी कारणं यायला लागली. पहिल्या नंबरवर निघालं मटेरियल नाही, म्हणजे चूक शेठचीच.

पण या सगळ्याचे पैसे वसूल कुठे झाले माहितीये? कॉम्प्रेसरवर. एक चिमटा उरला होता म्हणून सहज त्याच्यावर लावला. गुरुवार म्हणजे सुट्टी, गाळ्याला कुलूप, आणि मित्र घरी जेवताना मोबाइल बघतोय तर कॉम्प्रेसर दर थोड्या मिनिटांनी लोड घेतोय, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतोय. बुधवारी रात्री बंद करायचा राहिला होता, आणि हवा वापरणारं कोणी नसताना लोड घेतोय म्हणजे लाइन गळतेय. शुक्रवारी सकाळी साबणाचं पाणी लावून पाहिलं, चार जॉइंट फसफसत होते आणि त्यातला एक त्या न वापरायच्या लेथमागे.