उद्यमनगरातला कॅरिअर

[ग्राइंडरच्या ठिणग्या. मागे पांढरी बोलेरो.]

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. या गल्लीत शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. एका शेडमध्ये लेथ फिरतोय, दुसऱ्यात ओतकामाचे नग घासले जातायत, आणि या तिसऱ्यात पंचवीस मिलिमीटरचा लोखंडी पाइप कापला जातोय. या पाइपाचा कॅरिअर होणार आणि तो मागं उभ्या असलेल्या बोलेरोच्या टपावर बसणार.

गाडीमालकांना घरच्यांना घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय. सामान त्यांनी शेडच्या दारात मांडलंय, अर्थात आम्ही सांगितलं म्हणून. एक तंबू, चार स्लीपिंग बॅगा, शेगडी, पाण्याचे दोन कॅन, फावडं, दोर, आणि चाक रुतलं तर खाली सरकवायच्या दोन प्लास्टिकच्या फळ्या. एवढं सगळं आत कोंबलं तर मागच्या सीटवरच्या माणसांनी पाय कुठं ठेवायचे? म्हणून कॅरिअर.

आता हेच सामान घेऊन एखाद्या मोठ्या शहरातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलात, तर पहिल्यांदा काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं जातं. कपाटात परदेशी कंपन्यांचे रॅक. माल उत्तम असतो, त्यात वाद नाही. थुले ही त्यातली सगळ्यांत जुन्या नावांपैकी एक. १९४२ साली स्वीडनमधल्या हिलर्स्टॉर्प नावाच्या गावात एरिक थुलिन यांनी ती सुरू केली, आणि तिचा पहिला माल काय होता? पाइक मासे पकडायचे सापळे. गाड्यांचे रॅक आले ते नंतर, साठच्या दशकात. आज त्यांचे दोन आडवे दांडे, पाय आणि किट धरून आपल्याकडे तीस-चाळीस हजारांच्या घरात जातात. अ‍ॅल्युमिनियमचा अख्खा सपाट प्लॅटफॉर्म बाहेरून मागवायचा म्हटलं तर लाखाच्या पुढची गोष्ट. ज्याची गाडीच चाळीस लाखांची आहे त्यानं तो जरूर घ्यावा. पण बोलेरो, जिप्सी, जुनी स्कॉर्पिओ घेऊन फिरणाऱ्या माणसानं टपासाठी इतके पैसे घालायचं कारण आम्हाला तरी दिसत नाही. कारण ही विद्या आपल्याकडे गल्लीगल्लीत आहे, आणि ती आजची नाही.

[एसटी स्टँडबाहेर उभी वडापची ट्रॅक्स. टपावर पोती, कॅन, एक सायकल.]

ही बघा वडापची, म्हणजे गावोगाव खासगी प्रवासी वाहतूक करणारी ट्रॅक्स जीप. हौस म्हणून गाडीवर कॅरिअर बसवायची टूम निघण्याच्या कितीतरी आधीपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापनं टपावर अर्धं गाव वाहून नेलंय. भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, लग्नाची ट्रंक, शेतीपंपाची मोटर, आणि बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या डाली. कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी खेड्यात एसटी पोहोचत नव्हती तिथं माणसं पोहोचवली. आत माणसं खच्चून भरलेली, म्हणून सामान वर. त्या कॅरिअरचं डिझाइन कोणी कागदावर काढलं नव्हतं. पहिला वाकला, तर दुसऱ्याला मधे एक आडवा पाइप वाढला. दुसऱ्याचा पाय तुटला, तर तिसऱ्याला सहाचे आठ पाय झाले. वर चढताना पाय ठेवायला मागं शिडी आली. दोर बांधायला कडेनं हूक आले. आज परदेशी कंपन्या आपल्या माहितीपत्रकात जी वैशिष्ट्यं म्हणून छापतात, त्यातली निम्मी या ट्रॅक्सच्या टपावर गंज खात बसलेली तुम्हाला दिसतील.

उद्यमनगरनं ऑइल इंजिनं केली, गुऱ्हाळाचे चरक केले, पंपांचे नग ओतले. त्या गावाला चार पाइप जोडायचं काय कौतुक!

[मिस्त्री टेप धरून बोलेरोच्या टपाची मापं घेतात.]

बोलेरो रस्त्यावर आली २००० साली. तिचा चौकोनी ठोकळा तेव्हापासून फार बदललेला नाही, आणि मिस्त्रींच्या दृष्टीनं या गाडीचा सगळ्यांत मोठा गुण तोच. भिंतीला टांगलेला हा फर्मा बघा. लोखंडी पट्टीचा. यावरून पायाचा कोन घेतला की काम झालं.

पाय कशात अडकवायचे? टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची ही जी पन्हळ आहे, पावसाचं पाणी दारात पडू नये म्हणून केलेली, तिच्यात. गॅरेजात तिला गटर म्हणतात. नव्या मोटारींच्या टपाला ही नसते, टप दारापर्यंत गुळगुळीत उतरतो, आणि मग प्रत्येक मॉडेलला वेगळं महागडं किट लागतं. पण बोलेरोला गटर आहे, जिप्सीला आहे, आणि २०२३ साली आलेल्या जिमनीलाही सुझुकीनं मुद्दाम ठेवलंय. ज्याच्या गाडीला गटर, त्याचा निम्मा खर्च वाचला. टपाला भोक पाडायचं नाही. कोणी पाडू या म्हणालं, तर गाडी चालू करून सरळ घरी यायचं.

[पाइप कापणं, जवळून.]

पाइप येतो वीस फुटी. साधारण सहा बाय चार फुटांच्या कॅरिअरला खालची चौकट, वरचा कठडा, पाच आडवे, एक उभा आणि चौकट-कठडा जोडणारी मधली ठोकळी धरून सत्तर फुटांच्या आसपास लागतो, म्हणजे साडेतीन नग. गेज सोळा. सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी. बाजारात तयार मिळणारे स्वस्त कॅरिअर बहुतेकदा अठरा गेजचे, १.२ मिलिमीटरचे असतात. सत्तर फुटांत वजनाचा फरक पडतो पाच किलोच्या आत-बाहेर. ते पाच किलो वाचवायला जाऊ नका. खडबडीत रस्त्यावर तडा जातो तो नेमका वेल्डिंगच्या कडेला, आणि पातळ पाइपाला तो लवकर जातो.

इथं जरा थांबून बघा. गोल पाइपाच्या अंगाला दुसऱ्या गोल पाइपाचं तोंड जुळवायचंय. सरळ कापलेलं तोंड टेकवलं तर दोन बाजूंना फट राहते. मिस्त्री ग्राइंडरनं दोन तिरके काप घेतात, मधलं टोक उडवतात, आणि तोंड अर्धचंद्रासारखं कोरून काढतात. पेन्सिलीची खूण नाही, कागदाचा साचा नाही. मग तो तुकडा जागेवर धरून उजेडाकडे करायचा. उजेड दिसला की पुन्हा दगड लावायचा. परत धरायचा. आता दिसत नाही. आता वेल्डिंगचा टाका.

फट राहिली तर काय होतं? ती भरायला वेल्डिंगचा रॉड जास्त वेळ एका जागी धरावा लागतो, आणि पातळ पाइपाला भोक पडतं. म्हणूनच रॉडही बारा नंबरचा, अडीच मिलिमीटरचा. दहा नंबरनं काम भरभर होतं, पण सोळा गेजला ती आच सोसत नाही. शेजारच्या शेडमध्ये सीओटू वेल्डिंगचं मशीन आहे, त्यानं सांधा आणखी सफाईदार येतो. मिस्त्रींचा हात मात्र रॉडवर बसलेला.

चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके. मग गुण्या लावायचा, आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त भरला. हातोड्याचा एक ठोका, पुन्हा टेप. दोन्ही सारखे. आता पक्कं वेल्डिंग.

[कडेला उभी जिमनी.]

ही दुसरी गाडी आमच्या शूटिंगच्या मधेच आली. मालकाला बोलेरोसारखाच लांबरुंद कॅरिअर हवा होता. मिस्त्रींनी नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. हिशेब साधा आहे. सोळा गेजचा सत्तर फूट पाइप म्हणजे वीस किलो. जाळी आणि सहा पाय धरून कॅरिअर रिकामाच तीस-बत्तीस किलोवर जातो. आणि ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या जिमनीच्या टपाला सुझुकीनं मर्यादा घातलीय ३० किलोची. म्हणजे वर एक चादरसुद्धा न टाकता कोटा संपला! गाडी चालत असताना टपावर किती ओझं चालेल हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हे सांगणारा दुकानदार विरळा.

मग जिमनीला काय? दोन आडवे दांडे, चार पाय, बस्स. सहा-आठ किलोत काम होतं. वर एक वॉटरप्रूफ बॅग, तंबू आणि स्लीपिंग बॅगा. हलकं आणि फुगीर सामान वर, जड सामान खाली. सॉफ्ट टॉप थार असेल तर विषयच वेगळा, तिथं कापडावर काही ठेवताच येत नाही. बाहेरून पिंजरा करून घ्यावा लागतो, आणि तो स्वस्तात होत नाही.

अ‍ॅल्युमिनियम का नको, असाही प्रश्न येतो. त्याची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे वजन खूपच उतरतं. पण त्याला वेल्डिंग वेगळं, कारागीर वेगळा, आणि स्पितीतल्या काझाच्या अलीकडे कुठं सांधा सुटला तर तो जोडणारा माणूस मिळायची मारामार. लोखंडाचा सांधा रस्त्याकडेच्या कुठल्याही वेल्डिंगच्या टपरीत जोडून मिळतो.

[रंगकाम. मग फिटिंग.]

घासकाम झालं की गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात, त्यावर काळा रंग. पावडर कोटिंग दिसायला झकास, पण एकदा टवका उडाला की आतून गंज धरतो आणि घरच्या घरी डागडुजी होत नाही. साध्या रंगाला एक ब्रश पुरतो. एक गोष्ट मात्र मिस्त्रींना आवर्जून सांगून करून घ्या: खालच्या पाइपांना तळाशी बारीक भोकं. पाइपात पाणी साठलं तर कॅरिअर आतून कुजतो, आणि बाहेरून तो नवाच दिसत असतो.

पाय गटरात बसवताना खाली रबर. हे रबर जुन्या ट्यूबचं, कात्रीनं कापलेलं. लोखंड थेट पत्र्यावर बसलं तर रंग घासतो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथं तांबूस रेघ उमटते. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले, नट नायलॉकचे, म्हणजे हादऱ्यानं सुटत नाहीत. तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना लावायचाच.

[गगनबावड्याचा रस्ता. भुईबावडा घाट. टपावर भरलेलं सामान.]

चाचणीला गाडी गगनबावड्याकडे निघाली. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर, आणि पुढं भुईबावडा घाट. साठच्या पुढं वेग गेला आणि टपावरून शिट्टी वाजायला लागली. ऐकू येतेय? पुढच्या गोल पाइपावरून वारा सुटताना ठरावीक लयीत भोवरे तयार होतात, त्यांचा हा आवाज. परदेशी रॅकला यासाठी पुढं वाऱ्याची पट्टी येते. इथं उपाय निघाला दोरीचा. पुढच्या पाइपाला नायलॉनची दोरी वेढे देत, वेढ्यांमध्ये अंतर ठेवून गुंडाळली. भोवरे एका लयीत तुटेनासे झाले, शिट्टी गेली. खर्च, दोरीचे पैसे.

घाटातली वळणं बघून घ्या. मागच्या गाडीतून घेतलेलं हे दृश्य आहे. जड कॅन आम्ही आत, मागच्या सीटच्या पाठीला लावून ठेवलेत. वर फक्त तंबू आणि बॅगा. गाडी झुकते, पण सावरून झुकते.

टपावर ओझं चढलं की गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेकचं अंतर वाढतं, डिझेल जास्त जातं. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार टपावरची मोठी पेटी शहरात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के मायलेज खाते, तेव्हा गावात परतलात की कॅरिअर उतरवून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे कारखान्यात जायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत एक चौकशी करा.

[शेडमध्ये पाटीवर खडूनं लिहिलेला हिशेब.]

आता पैसे. पाइप, जाळी, पाय, नटबोल्ट, रंग आणि मजुरी मिळून बोलेरोचा हिशेब दहा ते पंधरा हजारांमध्ये बसतो. लोखंडाचा दर हलता, म्हणून नक्की आकडा मिस्त्री त्या दिवशीच सांगतात, आणि पाइपाचे पैसे आधी मागतात. ते द्यावेत. जिमनीचे दोन दांडे याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतात. घासाघीस करायचीच तर मजुरीत करू नका, रंगात करा. रंग तुम्हीही मारू शकता, ते अर्धचंद्राचे काप तुम्हाला जमणार नाहीत.

गाडी सोडून जायची तर एक दिवस आधी फोन करून जा, आणि टप धुऊन न्या.