आबांचे रोहित

श्रोतेहो, नमस्कार.

पाटण-जावळीकडं घरटी एक माणूस मुंबईला, हे तुम्हाला सांगायला नको. त्यातले कित्येक वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावले. माझे थोरले चुलते, आबा, त्यातलेच. सुट्टीला गेलो की ते मला ठाण्याच्या खाडीवर न्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, चिखलावर कुणी गुलाबी लुगडी वाळत घातलीत. मग त्यातलं एक लुगडं उडालं!

ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथं हजारोंनी असतात. २०१५ साली खाडीचा जवळपास १७ चौरस किलोमीटर भाग त्यांच्या नावानं अभयारण्य झाला. २०२२ मध्ये तो रामसर यादीतही गेला. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी.

रोहिताचं खाणं मात्र उभं राहून बघावं. मान खाली सोडून तो चोच उलटी धरतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागं-पुढं करत पाणी आत ओढतो, बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला बारीक झालर असते, तिच्यात शेवाळ अडकतं. चहाची गाळणीच म्हणा. गुलाबी रंग येतो तोही या खाण्यातनंच. पिल्लू करड्या रंगाचं असतं.

काठाला तिवरांची दाटी. त्यांची श्वासमुळं चिखलातनं काड्या रोवल्यासारखी वर आलेली, आणि मधनं निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, टणाटण उड्या मारतात. आबांचा जीव खरं तर निवट्यांत. कालवणासाठी!

रोहितांचं हे चरणं ओहोटीचं. भरतीला चिखल बुडाला की थवे नेरूळकडच्या उथळ तळ्यांवर जाऊन उभे राहतात. ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर. चरायचं रान राखलं आणि गोठा उघडा टाकला, असला हा कारभार.

आबा आता गावी परतलेत. गेल्या हिवाळ्यात त्यांना मोटारसायकलवर बसवून खटावात येरळवाडीच्या तलावावर नेलं. लांब पाण्यात पंधरा-वीस रोहित उभे होते. खाडीत जास्त दिसतो तो छोटा रोहित, काळपट लाल चोचीचा. हे उंच, गुलाबी चोचीचे, टोक तेवढं काळं. मोठा रोहित, जातच वेगळी.

आबांनी डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आपल्या वाशीचीच हाईत ही."

मी काही बोललो नाही.