वुडवर्डवर रांगणारी बेल एअर

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेत डेट्रॉईटजवळच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला १९९५ साली सुरू झालेली ही 'ड्रीम क्रूझ' आता पार पॉन्टिॲकपर्यंत पोचते. लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून दिवसभर गाड्या बघतात. आणि दर थोड्या अंतरावर एखादी देखणी गाडी बॉनेट उघडून उभी असते.

असं का होतं? १९५७ ची शेवरोले बेल एअर घ्या, २८३ क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनाची. हमरस्त्यावर ती दिवसभर न तापता पळेल. पण रांगेत थांबली की इंजिन मंद, म्हणून पट्ट्यावर चालणारा पंखा मंद, पाण्याचा पंप मंद आणि डायनॅमोही मंद. समोरून वारा नाही, बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी गिअर न्यूट्रलला टाका आणि हलकी रेस देऊन इंजिन मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर धरा. तिन्ही अडचणी एकदम हलक्या होतात. रेडिएटरला आजच्या गाडीचं १५-१६ पौंड दाबाचं झाकण मात्र लावू नका. जुन्या रेडिएटरचे डाख त्या दाबाने सुटतात.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. तिथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे ते लवकर उकळतं. बेल एअरचा पंप इंजिनालाच लागून असतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात इंजिनाची धग, म्हणून पेट्रोल नळीतच उकळतं. पंपाला वाफ ओढता येत नाही आणि गाडी बंद पडते. पंप आणि नळीवर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं थांबा. पाणी तापलेल्या एक्झॉस्टवर पडू देऊ नका, त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं. पण पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गोष्ट उलटी आहे, कार्ब्युरेटर उतू जाऊन इंजिन फ्लड झालंय. तिथे ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा मारायचा नाही, तळापर्यंत दाबून धरायचा आणि स्टार्टर फिरवायचा. हा फरक न ओळखल्यानेच बहुतेकांच्या बॅटऱ्या संपतात.

निघण्याआधी पॉइंट बघा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क. ते असतात डिस्ट्रिब्युटरमध्ये, जो प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटतो. या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी आहे, शेवरोलेने केलेली फार शहाणी सोय. इंजिन चालू ठेवून खिडकीतून १/८ इंची ॲलन की घाला. मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणं, सुरू होईपर्यंत उजवीकडे फिरवा, मग अर्धा फेरा मागे. पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणाऱ्या ड्वेल मीटरवर ३० अंशांच्या आसपास आकडा यायला हवा.

ब्रेकबाबत हयगय नको. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडरला ब्रेक-तेलाचं एकच सर्किट. एक होज, म्हणजे ब्रेक-तेलाची रबरी नळी, फुटला की पेडल थेट तळाला, चारही ब्रेक गेले. होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद होतो, तेव्हा वय ठाऊक नसेल तर बदलाच. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने जोडलेल्या जुन्या डॉज-प्लिमथ ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाही हे तंतोतंत लागू.

कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक पॅकिंग घालणं वुडवर्डला उत्तम. पण हीच गाडी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी जुन्या गाड्यांच्या मेळ्यात परीक्षणासाठी न्यायची असेल तर ते काढा. तिथे ४०० गुणांपासून मोजायला सुरुवात होते आणि कारखान्यातून आली तशी नसलेली प्रत्येक वस्तू गुण खाते, साधा होज क्लिपसुद्धा. टायरही ७.५० बाय १४ मापाचेच हवेत. कारखान्याने न दिलेली एक वस्तू मात्र तिथे सक्तीची आहे: गाडीसोबत आग विझवायचं नळकांडं.