बटणाशेजारचं चित्र

(दृश्य: मतदान यंत्राचं बॅलट युनिट, अगदी जवळून)

अनुक्रमांक, नाव, छायाचित्र, चिन्ह आणि निळं बटण. यंत्रावर एका उमेदवाराच्या वाट्याला एवढी एकच ओळ येते. छायाचित्र २ सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर. कागद लोकसभेला पांढरा, विधानसभेला गुलाबी. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत त्यावरची छपाई काळी होती. पक्षाचा भगवा, निळा, हिरवा, कुठलाच रंग तिथवर पोचला नाही.

रील, स्टेटस, हॅशटॅग, जॅकेटचा रंग या सगळ्यावर महिनोन्‌महिने जी मेहनत होते, ती मतदाराची नजर या ओळीवर आणून थांबवण्यासाठी. पक्ष फुटले, नावं बदलली आणि चिन्हंही बदलली, तेव्हा हे काम किती कठीण असतं, ते महाराष्ट्राने पाहिलं.

(दृश्य: रायगड, तुतारीचा आवाज)

६ फेब्रुवारी २०२४. निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवारांच्या गटाला दिलं. १९९९ पासून मतदारांच्या डोळ्यांत बसलेलं घड्याळ शरद पवारांच्या हातून गेलं. २२ फेब्रुवारीला त्यांच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं, ‘तुतारी वाजवणारा माणूस’. २४ तारखेला रायगडावर त्याचं अनावरण झालं. साताऱ्यात मतदान ७ मे रोजी होतं. म्हणजे पंचवीस वर्षांची सवय मोडून नवी लावायला हाताशी जेमतेम अडीच महिने.

चिन्ह मराठी माणसाला नवं नव्हतं. लग्नाच्या दारात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत तुतारी ऐकलेलीच असते. त्याला घोषणाही तशीच मिळाली: ‘रामकृष्ण हरी, वाजवा तुतारी’. अर्धी ओळ वारकऱ्याच्या ओठांवर आधीपासून होती, उरलेली अर्धी तिला यमकात जोडली. पाठ करून घ्यावी लागत नाही अशी घोषणा प्रचारात सोन्यासारखी असते. ती रीलच्या पार्श्वसंगीतात गेली, व्हॉट्सअॅप स्टेटसवर गेली, गाडीच्या काचेवर चिकटली.

पण या घोषणेत ‘माणूस’ नाही.

(दृश्य: दोन चिन्हं शेजारी शेजारी. डावीकडे बाकदार तुतारी फुंकणारा माणूस, उजवीकडे बँडमधला ट्रम्पेट)

अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ‘ट्रम्पेट’ होतं आणि मराठीत त्याचंही नाव ‘तुतारी’ असंच छापलं गेलं. साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाच्या उमेदवाराला हरवून उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले. ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षाला मिळाली ३७,०६२ मतं. दिंडोरीत शरद पवारांच्याच पक्षाचे भास्कर भगरे जिंकले, पण तिथेही ट्रम्पेटवर लढलेल्या भगरे आडनावाच्याच अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. त्यातली किती मतं चुकून पडली, हे मतपेटी सांगत नाही. पण फारशा प्रचाराशिवाय अपक्षाला लाखभर मतं पडतात, तेव्हा चिन्ह शिकवताना काहीतरी निसटलं, असंच प्रचार करणाऱ्याने धरून चालावं. लोकांनी ‘तुतारी’ लक्षात ठेवली आणि यंत्रासमोर ‘तुतारी’च शोधली. मतदार चुकला असं म्हणणं अन्यायाचं आहे; त्याला अर्धंच नाव शिकवलं होतं.

विधानसभेच्या वेळी शरद पवारांच्या पक्षाच्या मागणीवरून आयोगाने यंत्रावरचं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चित्र अधिक ठळक करायला मान्यता दिली. ट्रम्पेट मात्र यादीत राहिलं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर उभं रील, कडेने लाल रेषा)

आता हीच गोष्ट फोनच्या पडद्यावर पाहू. रीलची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची. तिच्या तळाच्या साधारण ३५ टक्के भागावर खात्याचं नाव, मजकूर आणि जाहिरात असेल तर बटण येतं. वरचे सुमारे १४ टक्केही झाकले जातात. आपल्याकडे फ्लेक्सची सवय अशी, की वर नेत्यांचे चेहरे, मधे उमेदवार आणि चिन्ह अगदी खाली पट्टीत. तोच आराखडा उचलून रीलमध्ये टाकला की चिन्ह नेमकं झाकल्या जाणाऱ्या भागात जातं. व्हिडिओ लाखभर लोक पाहतात आणि चिन्ह कोणालाच दिसत नाही. ही चूक प्रत्येक निवडणुकीत दिसते, आणि कळते ती पोस्ट गेल्यावर, कारण संगणकावर संपादन करताना वर काहीच झाकलेलं नसतं.

म्हणून चिन्ह मध्यावर, उमेदवाराच्या खांद्याच्या उंचीला. पहिल्या तीन सेकंदांत एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा. फोन अनेकदा आवाज बंद ठेवून पाहिला जातो, तेव्हा तुतारीचा नाद कितीही अंगावर काटा आणणारा असला तरी काम चित्रालाच करावं लागतं. चिन्हाचं पूर्ण नाव पडद्यावर मराठीत, जाड अक्षरात हवं.

प्रोफाइलचा फोटो गोल कापला जातो, त्यामुळे चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवलेलं चिन्ह उडतं. व्हॉट्सअॅपवर चित्र फिरत गेलं की बारीक रेषा पुसट होतात. एक साधी चाचणी आहे, तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. पोस्टर तीन-चार फोनवरून फिरवून घ्या, अंगठ्याच्या नखाएवढं करा आणि साध्या प्रिंटरवर गुलाबी कागदावर काळ्या शाईत छापा. ज्याने ते आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला विचारा, हे काय आहे? उत्तर अडखळलं तर आराखडा परत करायचा.

(दृश्य: गुलाबी जॅकेट, गुलाबी मंडप)

अजित पवारांच्या पक्षापुढचा प्रश्न उलटा होता. चिन्ह ओळखीचं होतं, पण त्याच्यामागचा चेहरा बदलला होता. घड्याळाचा वाद न्यायप्रविष्ट आहे, हे जाहिरातींत नमूद करायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. शरद पवारांचं छायाचित्र वापरण्याची सोयही नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये दिंडोरीहून निघालेल्या जनसन्मान यात्रेत सगळं गुलाबी झालं: जॅकेट, मंडप, पोस्टर. जोडीला ‘दादाचा वादा’. एरवी रोखठोक म्हणून ओळखला जाणारा नेता बहिणींचा दादा म्हणून समोर आला. नोव्हेंबरात पक्षाला ४१ जागा मिळाल्या. त्याचं श्रेय रंगाला देणं मात्र चुकीचं ठरेल. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये त्याआधीच खात्यात जमा होऊ लागले होते. रंगाने ते पैसे कोणाच्या नावाशी जोडायचे एवढं सांगितलं.

(दृश्य: कॅलेंडर, नोव्हेंबर २०२४)

विधानसभेला ४,१३६ उमेदवार होते. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली. अपक्षाने अर्जात पसंतीक्रमाने तीन मुक्त चिन्हं लिहिलेली असतात. त्यातलं कोणतं मिळणार, हे त्यानंतरच ठरतं. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी ६ वाजता थांबायचा होता. चौदा दिवस. त्यामुळे जाणती टीम तिन्ही चिन्हांचे आराखडे आधीच करून ठेवते आणि चिन्ह हाती पडलं की त्याच रात्री पहिला व्हिडिओ सोडते.

इथे पैसे देऊन केलेली जाहिरात आणि साधी पोस्ट यांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो. उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या मजकुराला पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी तपासून घेतलेली मंजुरी, लागत नाही. तीच पोस्ट पैसे भरून पसरवली की ती जाहिरात होते. मग जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडे किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो, सोबत जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती आणि तिच्यातल्या मजकुराची साक्षांकित लेखी प्रत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला ओळख पटवणं वेगळं, त्यातही दिवस जातात. तिथे जाहिरातीवर खर्च करणाऱ्याचं नाव दिसतं आणि ती सात वर्षं जाहिरात ग्रंथालयात राहते.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख रुपये. फेसबुकसारख्या कंपनीला दिलेले पैसे, मजकूर तयार करणाऱ्यांचा मेहनताना, खाती चालवणाऱ्यांचे पगार, सगळं त्यातच. एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख देता येत नाही. गावातल्या लोकप्रिय रीलवाल्याला पाकिटात पैसे दिले जातात ते याच जागी अडतात: खर्च झालेला दिसतो, पावती नसते.

मतदानाआधीच्या शेवटच्या ४८ तासांत घोटाळा होतो तो साध्या विसरण्याने. जाहिरात लावताना समाप्तीची वेळ भरलेली नसते. सभा थांबतात, भोंगे थांबतात, कार्यालयाला कुलूप लागतं आणि जाहिरात फोनवर चालूच राहते. वेळ पहिल्याच दिवशी भरायची, आणि ती सहाची नव्हे, पाचची.

(दृश्य: उंबऱ्यावर बसलेली आजी, कार्यकर्तीच्या हातात पिवळी नमुना मतपत्रिका)

नमुना मतपत्रिका खऱ्या कागदाच्या रंगाची चालत नाही आणि तिच्यावर दुसऱ्या उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह छापता येत नाही. आपला अनुक्रमांक, आपलं नाव, आपलं चिन्ह. हिचा फोटो गटात टाकणं सोपं. पण डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीच्या हातात ती देऊन “कितवं बटण, आजी? चित्रात काय आहे?” असं विचारायला उंबऱ्यापर्यंतच जावं लागतं. आजी म्हणते, “तुतारी.” कार्यकर्ती म्हणते, “आणि ती कोण वाजवतंय?”

(दृश्य: व्हीव्हीपॅटची, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राची काच)

बटण दाबलं जातं. काचेआड चिठ्ठी दिसते, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंदांनी ती कापली जाते आणि खाली पेटीत पडते.