तिसरा विषय

(संध्याकाळ. कॉलेजचे प्रवेशद्वार, ओल्या छत्र्या, आत जाणारी कुटुंबे.)

नोव्हेंबरमधल्या या संध्याकाळी पश्चिम लंडनमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीसारख्या कॉलेजच्या, दारात विषयांची माहिती घ्यायला आईवडिलांसोबत उभी असलेली ही मुले पंधरा-सोळा वर्षांची आहेत. येत्या उन्हाळ्यात ती नऊ-दहा विषयांची जीसीएसई, म्हणजे तिथली शालान्त परीक्षा देतील आणि सप्टेंबरपासून ए-लेव्हलसाठी, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, त्यांच्यातील बहुतेक जण फक्त तीन विषय शिकतील.

रसायनशास्त्राच्या टेबलापाशी सर्वांत जास्त गर्दी आहे, कारण तिथे तांब्याच्या क्षाराने ज्योत हिरवी होताना दिसते आहे. कोपऱ्यातल्या भूगोलाच्या टेबलावर नदीतले गोटे ओळीने मांडले आहेत. डावीकडचे, उगमाजवळचे, कोनेदार आहेत आणि उजवीकडे जावे तसतसे ते लहान आणि गुळगुळीत होत गेले आहेत. या मुलांपैकी एक मुलगी कॅलिपरमध्ये एकेक गोटा धरून त्याची लांब बाजू मोजते आणि आकडा वहीत लिहिते. शिक्षिका तिला सांगतात, की ए-लेव्हलच्या भूगोलात किमान चार दिवस प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम करावे लागते आणि स्वतः प्रश्न निवडून, स्वतः मोजमापे घेऊन लिहिलेल्या अहवालाला एकूण गुणांपैकी 20 टक्के गुण असतात. तिची आई दोनदा घड्याळाकडे पाहते, पण मुलगी शेवटचा गोटा मोजल्याशिवाय उठत नाही.

(स्वयंपाकघर. टेबलावर अर्ज, पेन्सिल, खोडरबर.)

तिचे आईवडील मूळचे साताऱ्याचे आहेत. ‘एकदा सायन्स घेतलं, की सगळी दारं उघडी राहतात,’ हे वाक्य बाबा दहावीनंतर ऐकत आले आणि आज तेच मुलीला सांगत आहेत. त्यांच्या वेळी अकरावीला शाखा निवडली, की विषयांचा गट जवळजवळ ठरूनच येत असे. इंग्लंडमध्ये शाखा नावाची गोष्टच नाही. वेळापत्रकाच्या एका रकान्यातून एकच विषय घेता येतो, एवढे बंधन सांभाळले तर रसायनशास्त्र, इतिहास आणि संगीत असा मेळही चालतो. मुलीने पहिल्या दोन रकान्यांत रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लिहिले आहे. तिसऱ्या रकान्यातला भूगोल खोडून तिथे गणित आले आहे, आणि खोडलेली अक्षरे कॅमेऱ्यातही वाचता येतात.

ए-लेव्हल 1951 मध्ये सुरू झाली, आणि तीन विषयांवर भर देणारी ही पद्धत अनेक सुधारणांनंतरही टिकून आहे. 2000 सालच्या बदलांनंतर बरीच मुले पहिल्या वर्षी चार विषय घेत, त्या वर्षाच्या शेवटी एएस ही परीक्षा देत आणि मग एक सोडून देत. म्हणजे एक विषय चाखून पाहायला वर्षभराची मुभा असे. 2015 पासून एएस ही ए-लेव्हलपासून वेगळी केली गेली, अंतिम परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी आली, आणि चौथा विषय अनेक कॉलेजांतून हळूहळू मागे पडला. त्यामुळे पूर्वी सतराव्या वर्षी होणारी निवड आता सोळाव्या वर्षी, या एका कागदावर, करावी लागते. सोळा वर्षांच्या मुलांवर टाकण्यासाठी हे ओझे फार मोठे आहे, असे आम्हाला वाटते.

या कुटुंबाला मुलीने डॉक्टर व्हावे असे वाटते आणि मुलीचीही त्याला ना नाही. मात्र बहुसंख्य वैद्यकीय विद्यालये रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन विषयांवर भर देतात, आणि तिसऱ्या विषयाची निवड बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यावर सोडलेली असते, ही माहिती आईवडिलांना कॉलेजच्या मार्गदर्शकांकडून, तिथल्या खुर्च्यांवर बसूनच, पहिल्यांदा मिळाली. अर्थशास्त्राची गोष्ट उलटी आहे. केंब्रिजमध्ये त्या पदवीसाठी ए-लेव्हलचे अर्थशास्त्र सक्तीचे नाही, गणित मात्र सक्तीचे आहे. विषयाच्या नावावरून अंदाज बांधणाऱ्या पालकांना हे कोणीतरी वेळेत सांगायला हवे, आणि ते अर्ज भरण्याच्या आधी सांगायला हवे.

विषय चुकला, तर पहिल्या काही आठवड्यांत बदलता येतो. त्यानंतर बदलणाऱ्याचे बहुधा वर्ष जाते.

(ऑगस्ट. निकालाचा गुरुवार. लिफाफे. नावनोंदणीची रांग.)

निकालाच्या दिवशी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये तीच टेबले आहेत, फक्त त्यांवर आता संगणक आहेत. रसायनशास्त्रासाठी आवश्यक श्रेणी तिला मिळाली आहे, जीवशास्त्रासाठीही मिळाली आहे. समोरचे शिक्षक दोन नावे टाइप करतात आणि तिसऱ्या विषयासाठी थांबतात. मुलगी आईकडे पाहते. आई पर्समधून नोव्हेंबरमधला तो कागद काढून टेबलावर ठेवते. तिसऱ्या रकान्यात रबराने खरखरीत झालेल्या जागेवर आता पेनने भूगोल लिहिलेले आहे, आणि अक्षर आईचे आहे.