आधी सावली शोधा

(दृश्य : पहाट. लाल मातीचा रस्ता, क्षितिजावर जांभळट डोंगररांग.)

अॅडलेडहून उत्तरेला चारेकशे किलोमीटर आलं, की हॉकर हे छोटं गाव लागतं. पाण्याचे कॅन इथेच भरून घ्यायचे. समोर दिसते ती दक्षिण ऑस्ट्रेलियातली फ्लिंडर्स रेंजेस.

आउटबॅकमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड मुलखातला, चढाईचा कडा गाडीतून हिंडत शोधायला गेलात, तर कड्याआधी पेट्रोल संपेल. शोध घरीच सुरू होतो, भूगर्भाच्या नकाशावर. शेलचा खडक ठिसूळ, तो झिजतो आणि तिथे दरी होते. क्वार्टझाइटचं तसं नाही. वाळूचे कण एकमेकांत पक्के सांधलेला हा खडक सहजी झिजत नाही, भिंतीसारखा उभा राहतो. नकाशात क्वार्टझाइटचा पट्टा दिसला, की उपग्रहाची छायाचित्रं उघडायची. वरून पाहताना उंची समजत नाही, पण लांब, काळीभोर सावली समजते.

आणि इथेच सह्याद्रीतला गडी हमखास फसतो. हिवाळ्यात सावलीचा कडा म्हणजे उत्तरेचा, हे आपल्या अंगात भिनलेलं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. सवयीनं उत्तरेचा कडा निवडलात, तर भर दुपारी तापल्या तव्यावर लटकाल!

(दृश्य : विल्पेना पाउंडचा काठ, ड्रोनमधून.)

डोंगरांनी वेढलेलं हे प्रचंड वाडगं म्हणजे विल्पेना पाउंड. त्याच्या काठावरचा नारिंगी कातळ म्हणजे मूनारी. शंभर मीटरहून उंच. खडकात कायमचे ठोकलेले बोल्ट मोजके, त्यामुळे भेगांत नट आणि कॅम ही दोर गुंतवायची धातूची साधनं अडकवत वर सरकायचं. कडा दुरूनही दिसतो, पायथा मात्र खड्या चढणीनंतर येतो.

हा मुलूख अद्न्यामथन्हा लोकांचा. या नावाचा अर्थच खडकांची माणसं. पाउंडला ते इकारा म्हणतात, म्हणजे भेटीची जागा. त्यांच्या कथेत या भिंती म्हणजे दोन अजस्र अकुरा सर्पांची शरीरं. १,१७१ मीटर उंचीचं सेंट मेरी पीक हे त्यांतल्या एकाचं डोकं, म्हणून माथ्यावर जाऊ नका, अशी त्यांची विनंती आहे. बंदी नाही, विनंतीच. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड कातळावर अशी विनंती अनेक वर्षं होती. तरी लोक चढत राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून तिथली चढाई बंद झाली. त्यामुळे नकाशावर कडा सापडला, की पुढचा प्रश्न विचारायचा तो इथल्या माणसांना.

(दृश्य : गाडीपाशी सामानाची वाटणी.)

पायथ्याशी पाण्याचा भरवसा नाही. दोर, कॅम, नट आणि त्यावर पाणी, सगळं पाठीवर. उन्हाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा चाळिशीपार जातो, म्हणून चढाईचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. सॅक उचलून पाहिली जाते, पुन्हा खाली ठेवली जाते. काहीतरी कमी करायलाच हवं. बाहेर येतो तो खाऊचा डबा. पाण्याच्या बाटल्यांना कुणी हात लावत नाही.